संत्र्याची साल

तीनला खेळ. अडीचला हेस्टर स्टुलावर उभी,
आणि मी, तोंडात टाचण्या धरून,
कुणा मेलेल्या सरदाराची विजार
तिच्या कमरेला आवळते आहे.
कापड उंची. गुडघ्यावर वाइनचा डाग.
"पोटऱ्या दिसू देत गं, डॉर्कस," ती म्हणते,
"लोक त्यांचेच पैसे मोजतात.
कवीचं काय, त्याला मिळतील तिसऱ्या दिवशी,
तिसरा दिवस उजाडला तर."

मी हसत नाही. टाचण्या आहेत.

शिवाय सवय मोडली आहे.
लंडनातली नाटकघरं फोडली तेव्हा
कुऱ्हाडवाल्यांत माझा ओबाडाया होता.
एका बाकाची फळी त्यानं घरी आणली,
भिंतीला ठोकली;
तिच्यावर बायबल आणि मिठाची वाटी.
पुढं राजा परतला, रात्रभर घंटा वाजल्या,
हा खिडकी लावून बसला.
मी शिवायला कुठं जाते, त्यानं विचारलं नाही.
शनिवारी मी त्या फळीवर पैसे ठेवते.
रविवारी ते तिथं नसतात.

पाचवा अंक.
(या वेळी दारावरचा माणूस पेंगतो,
फुकटे वरच्या सज्जात शिरतात.)
म्हातारा नवरा, विग वाकडा,
विजारीतल्या आपल्याच बायकोला
कुणी छैलछबिला समजून
कानात सांगतो : बायको माझी भोळी हो, अगदी गाय!
आणि विश्वासानं
घराची किल्ली तिच्याच हातात देतो.

तेव्हा वरून ते हसू आलं.
आधी नाकातून, दाबलेलं,
मग घसा सुटल्यासारखं,
शेवटी दोन उचक्या.

हे हसू मी एकदाच ऐकलं होतं,
लग्नाआधी, जत्रेत,
एक हंस त्याची टोपी पळवून
चिखलातून धावत सुटला तेव्हा.

माझ्या हातात हेस्टरचा झगा होता.
पडद्याला चांगली बोटभर फट होती.
मी बघितलं नाही.

रात्री तो म्हणाला, "मीठ दे."
दिलं.
"उशीर झाला तुला."
"काम होतं. तुम्हाला?"
"प्रार्थना लांबली."
हात ब्रशनं घासून धुतले होते त्यानं,
तरी भाकरीला संत्र्याचा वास.

तो झोपल्यावर कोट झटकला.
खिशात साल, एकसंध सोललेली,
गोल गोल, त्याच्या हातची.
खिसा खाली उसवला होता.
पडली असती कुठंतरी रस्त्यात,
शेजाऱ्यांच्या देखत.

मेणबत्ती जवळ ओढली,
दुहेरी दोरा घेतला,
खिसा शिवला,
आणि साल आत ठेवून दिली.