तीन दहाची रेघ

खताच्या जुन्या गोदामात आता बॅटऱ्या आहेत,
भिंतींना अजून युरियाचा वास.
मी चंद्रकला कुमरे, आयटीआय वणी, वायरमन ट्रेड.
रात्रपाळी माझी.
समोर स्क्रीन, तिच्यावर पोडावरची त्रेचाळीस घरं,
प्रत्येकाची एक रेघ.

रेघ बोलत नाही, पण लपवतही नाही.
साडेआठला सगळ्या एकदम उसळतात: सिरियल.
बालाजी आत्रामच्या गिरणीची दुपारी ताडाएवढी.
ढग आला की त्याच्या फोनवर मेसेज जातो,
तो दळण थांबवतो, पोत्यावर बसून बिडी ओढतो.
पुष्पाकडे रात्री दोनला उजेड, दोन चाळीसला, परत साडेतीनला.
बाळ आठ दिवसांचं.
आणि अभ्यास करतो म्हणून कोण बारापर्यंत काय लावून बसलं होतं,
तेही मला ठाऊक आहे.
सांगत नाही.
ही नोकरी थोडी सुइणीसारखी,
पाहायचं आणि तोंड मिटायचं.

वरून मोठ्या टॉवरची लाइन जाते.
आमच्याकडचा कोळसा, कुठल्यातरी शहराचा उजेड.
दमट हवेत तारा गुणगुणतात.
त्यांच्याखाली आमच्या बायांनी तीस वर्षं चिमणीच्या काचा पुसल्या.

झिंगरूबुवा टेकाम, घर क्रमांक एकोणीस.
त्याच्या कौलांवरचं पॅनल दिवसभर देत राहतं,
घेणं जवळपास नाहीच.
फक्त रोज रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
नऊ वॅट.
चार मिनिटं. मग विझतं.
मला आधी मीटरमध्येच खोट वाटली.
विचारलं, तर हसला.
"अवं पोरी, तीन दहाले थ्री फेज यायची ना तवा."

अकरा हिवाळे तो त्या वेळेला उठला,
हरभऱ्याला पाणी द्यायला,
एका हातात टॉर्च, दुसऱ्यात डबा,
वाजवत वाजवत, कारण नाल्याला वाघाची ये-जा.
आता मोटर सकाळी दहाला उन्हावर चालते,
बटण दाबायचं फक्त, तेही नातू दाबतो.
पण अंग ऐकत नाही.
उठतो, दिवा लावतो, चपला शोधतो,
मग आठवतं.
चार मिनिटं लागतात आठवायला.

काल माघाची थंडी, बॅटरी चौसष्ट टक्के.
तीन दहा झाले. तीन अकरा. रेघ आडवी.
तीन पंधराला मी स्वेटरवर शाल ओढली,
टेस्टर खिशात घातला, निघाले.
कुत्री ओळखीची.
फ्यूज शाबूत, मीटर जिवंत.
खिडकीला कान लावला.

बुवा घोरत होता,
जुन्या डिझेल इंजिनासारखा,
मधेच अडकून, परत सुरू.

थोडा वेळ उभी राहिले तिथेच.
नाल्याकडचा अंधार होता तसाच होता,
काही कमी झालेला नव्हता.

रजिस्टरात लिहिलं:
घर १९. वेळ ३:१०. भार शून्य.
पुढे कारणाचा रकाना असतो.
आधी लिहिलं, झोप.
मग साहेब विचारतील म्हणून खोडलं,
आणि लिहिलं, बिघाड नाही.