तीस सेकंद

हडर्सफील्डच्या दुकानात कॅलम विचारतो,
पट्टा काळा की राखाडी?
मी विचारतो, मधेच एखादा ठोका गळला
तर ह्याला कळेल ना?
कळेल म्हणतो. झोपेतही.

महाग आहे. ठेवतो. पुन्हा उचलतो.

कुमुद इन्फर्मरीत नर्स होती.
तिचं घड्याळ छातीवर टांगलेलं,
आम्हाला उलटं, तिला सुलट.
ओट्यापाशी माझं मनगट धरून मोजायची,
ओठ हलत असायचे,
मी मधे बोललो की डोळे वटारायची.

"हलू नका," कॅलम म्हणतो, "तीस सेकंद."
मी बोट कडेला टेकवून उभा.
पडद्यावर रेघ धावते, अडखळते,
दोन पायऱ्या एकदम उतरते.

तो काहीतरी बोलायला जातो.
मी डोळे वटारतो.