शब्द वाहणारा

एवारिस्तो पुशाइना आला तेव्हा
ग्वाहिराची दुपार इतकी कोरडी होती
की शेळ्याही सावलीचा हिशेब करत उभ्या.
तो लगेच बोलला नाही.
आईनं त्याच्यासाठी झोळी टांगली, कॉफी दिली.
कॉफी संपेपर्यंत त्यानं वाऱ्याची, विहिरीची,
आमच्या मेलेल्या खेचराची चौकशी केली.

मग काठी वाळूत रोवून म्हणाला,
हा शब्द माझा नाही, मी नुसता वाहून आणलाय.
जड लागला तर माझ्यावर रागावू नका.

माझ्या भावाच्या, नेल्सिदोच्या मोटरसायकलखाली
इपुआनांच्या पोराचा पाय मोडला होता.
पायाच्या वीस शेळ्या.
सांडलेल्या रक्ताचं एक खेचर, बापाकडच्यांना.
आणि त्याच्या आईच्या आसवांसाठी एक माळ,
लाल दगडांची, जुनी.

बाबा कुडाला टेकून गप्प.
देह आईकडून येतो,
म्हणून देणंही आईकडच्यांचं.
मामा बोटांवर मोजत होता, बोटं संपत होती.

उरिबियाच्या ठाण्यात कागद झालाय की, मी म्हणाले.
एवारिस्तो हसला नाही.
"कागदाला विचार बरं,
पोर रात्री कुठल्या कुशीवर कण्हतं ते."

तीन फेऱ्यांत वीसच्या चौदा झाल्या.
तो आमचा शब्द नेई, त्यांचा आणी,
एकही खाली पडू दिला नाही.
मामानं एकदा शिवी हासडली होती,
ती मात्र वाटेतल्या निवडुंगात
टाकून गेला असावा.

मग मामा दारोदार.
कुणाची एक शेळी, कुणाच्या दोन,
आणि वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या तेलेमिना मावशीची एक लंगडी:
"पायाच्या बदल्यात जातेय, चालेल."
नेल्सिदो मागोमाग, मान खाली,
सगळ्या दोऱ्या त्याच्याच मुठीत.

माळ आईच्या गळ्यात होती.
गाठ सुटेना, तेव्हा मी दातांनी सोडवली.
दोरा खारट लागला.

त्या बाईनं ती लगेच घातली नाही.
आधी ओंजळीत धरून पाहिली,
मग आईच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं.
नंतर सगळे जेवलो. मीठ कमी होतं,
कुणी बोललं नाही.

आता विहिरीवर भेटतात दोघी.
पोहरा ओढताना तिच्या गळ्यात दगड किणकिणतात
आणि आई, अजून सवयीनं,
आपल्या गळ्याशी हात नेते.