हरमल, मोजणीची सकाळ

पोदेर येऊन गेलाय. सेबास्तियांवच्या तावेर्नात
टीव्हीवर अमेरिकेचा नकाशा, निम्मा लाल,
आणि समोर ग्रॅहम, पर्थचा निवृत्त वायरमन,
एकेका राज्याला शिव्या घालतोय, नावानिशी.

"आमच्याकडं मत नाही दिलं तर दंड,
दिलं तर केंद्राबाहेर गरम सॉसेज."
सेबास्तियांव चोरीस परतत म्हणतो,
"हांगा उलट. आधी मत, मग पाच वर्सां दंड."

ग्रॅहम हसत नाही. त्यांचाही पंतप्रधान
एका रात्रीत बदलला होता,
पक्षातल्यांनीच.
मला आमचा आमदार आठवतो:
शनिवारी आईकडून सोलकढी मागून प्यायला,
सोमवारी दुसऱ्याच झेंड्याच्या गाडीत.

वीज जाते. नकाशा विझतो.
कोण पुढं होतं, कुणालाच नक्की सांगता येत नाही.
ग्रॅहम उठतो, सवयीनं,
फ्यूज बघायला.