बदल अहवाल

धर्मादाय कार्यालयातल्या बाबूने विचारलं,
"यहुदी म्हंजे पारशी का जी?"
नाही.
"मंग ख्रिश्चन?"
नाही.
त्याने पेन कानामागे खोचलं, पंख्याकडे पाहिलं,
"जाऊ द्या ना बाई, आकडा लिवा. एकूण विश्वस्त किती?"
तिथे माझा हात अडला.
आमच्यात माणसं मोजत नाहीत.
संत्री मोजावीत, खुर्च्या मोजाव्यात,
माणसावर बोट ठेवू नये.
शेवटी त्यानेच लिहिला आकडा आणि शिक्का मारला.

तर या, आत या. जिना जपून,
चौथी पायरी हलते.
तिच्या दुरुस्तीचा ठराव अकरा सालापासून मंजूर आहे.
खाली बॅटऱ्यांचं दुकान, म्हणून हा आंबूस वास.
गड्डीगोदामात आमचा एवढाच मजला, तोही भाड्याचा.
शेगुल्ला, चौकटीला लावलेली बोटं
तू आपसूक ओठांशी नेलीस, मी पाहिलं.
बत्शेबा, कामठीहून आलीस या मार्चच्या उन्हात, आधी पाणी पी.
नतानेल, मिहानमध्ये तू काय करतोस
ते मला दोनदा सांगितलंस,
दोन्ही वेळा समजल्यासारखी मान हलवली मी.

हा किल्ल्यांचा जुडगा.
यातल्या दोन कशाच्या, ते हसाजींना ठाऊक होतं,
आणि हसाजी या थंडीत गेले.
हे इतिवृत्त. कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं
यावर सव्वा तास सभा झालेली आहे, वाचा कधी.
या पत्र्याच्या डब्यात मेंढ्याचं शिंग,
ते फुंकायला दम असलेली छाती हवी.
माझे आजे अजनीच्या लोको शेडमध्ये होते,
इंजिनाच्या भोंग्याला भ्याले नाहीत कधी,
पण शनिवारी ड्यूटी लागली
की टोपी हातात घेऊन साहेबापुढे उभे.
त्यांचे आजे कोकणात घाणा चालवत,
शनिवारी बैल सोडून देत.
सुट्टी मागायची सवय जुनी आपली.

मलिदा घ्या. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलची,
वर तर्री नाही,
हे नागपुरात मुद्दाम सांगावं लागतं.
ताटातल्या पाच फळांत आपलं संत्रं असतंच.
एलियाहू हन्नाबीला चालत असावं,
अजून तक्रार आलेली नाही.

आता मोजणीचं.
दहा जमले तरच काही प्रार्थना होतात,
आणि मोजायचं तर नाही.
म्हणून दहा शब्दांचं एक वचन आहे,
ज्याला त्याला एकेक शब्द द्यायचा.
पूर्वी पुरं व्हायचं,
कधी नवव्या शब्दावर थांबून
जिन्यावरच्या पावलांची वाट पाहायचं.
मग सातापर्यंत. गेल्या सणाला सहापर्यंत.
उरलेले शब्द कुठे जात असतील?
सगळे गेल्यावर मी खुर्च्या आवरायची
तेव्हा ते खोलीत असायचे.
चाळीस वर्षं हे दार मी उघडलं, दिवे मी लावले,
वचन माझ्यापर्यंत येऊन मागे वळायचं,
त्याचीही सवय होते, चौथ्या पायरीसारखी.

आज दिवे लावायला थोडा वेळ होता.
नतानेल उठला, म्हणाला, मी म्हणू?
आबाजींपासून सुरुवात केली.
एकेक शब्द वाटत गेला, प्रसाद वाटावा तसा,
शेगुल्लाला दिला, बत्शेबाला दिला.
आबाजी खोकले.
पुढे काही बोलले नाहीत.
मग त्याने दाराकडे पाहिलं
आणि एक शब्द माझ्यावर ठेवला.

कितीवा, ते विचारू नका.
वचन पुरं झालं का, तेही सांगणार नाही, आकडा होईल.
माझ्या हातातली काडी विझली.
खाली कुणाच्या गाडीला नवी बॅटरी बसली असावी,
त्याने हॉर्न वाजवून पाहिला, लांबलचक.
मी दुसरी काडी ओढली.