हातचा

हार्मायार्वी तळ्याकाठी
डिसेंबरात सूर्य उगवत नाही.
तरी आइलिक्कीच्या स्वयंपाकघरात जळतं ते ऊनच.
दक्षिणेला, पाइनच्या शेंड्यांच्या जरा वर
एक न लुकलुकणारा ठिपका आहे.
तो ऊन वरचेवर झेलतो
आणि दलदलीतल्या जाळीवर सोडतो.
जाळीखाली रेनडियर चरतात, मान वर न करता.
मी तिथे तापमान मोजायला आहे.

हे ऊन आधी कुठे जायचं? ती विचारते.
पृथ्वीला चुकवून पुढे, अंधारात.
म्हणजे आपल्या वाट्याचं नव्हतं.
नव्हतं.
आणि किटली उकळून झाली की?
भिंतीत जातं, हवेत, तुमच्या लोकरी मोज्यांत.
शेवटी सगळ्याची ऊबच होते.
मग ती?
रात्री वर जाते. आभाळ उघडं असेल तर.

तिचा भाचा ओन्नी जाळीची निगा राखतो.
त्याच्याकडे आकडा आहे:
शून्य, टिंब, शून्य, शून्य, शून्य,
मग कुठेतरी एक बारीक तीन.
धुरानं शिवलेल्या गोधडीपुढे, तो म्हणतो,
हे म्हणजे अंथरुणात शिरलेलं मांजर.
आणि गोधडीला निदान नवा थर तरी पडत नाही.
त्याचं खरं आहे. मीच मोजलंय.

आइलिक्की वाद घालत नाही.
तिच्या वडिलांची वही आहे, डांबराच्या वासाची.
दर हिवाळ्यात बर्फावर एक रिकामं पिंप ठेवायचं,
ते बुडेल तो दिवस लिहायचा.
तेवीस मे. पंचवीस. एकोणीस.
अलीकडची पानं एप्रिलकडे सरकलेली,
ठिपका यायच्या कितीतरी आधीपासून.

शनिवारी सौनात
ती तापल्या दगडांवर पाणी टाकते. वाफ कान चावते.
एका पळीनं कुणी भाजत नाही, ती म्हणते,
आणि पायानं दार जरासं ढकलते.
पळी कुणाच्या हातात आहे ते बघायचं
आणि दाराला कडी आतून आहे की बाहेरून.

पुढच्या वर्षी आणखी चार ठिपके येणार आहेत.
नंतर चाळीस.
नंतरचं कुणी विचारलेलं नाही,
कारण वीज स्वस्त आहे
आणि गावात आता रस्तेही तापवून ठेवतात,
बर्फ खरवडायला नको म्हणून.

मी हातमोजा काढून तीन लिहितो.
शाळेत बाई सांगायच्या,
बेरीज नऊच्या पुढे गेली की हातचा विसरू नका.
नऊ अजून लांब आहे.
तरी बाहेर निघताना बघतो
तर करंगळी वाकलेली,
एक धरून ठेवलेला,
कुठल्या घरात मिळवायचा ते न ठरलेला.