हयातीचा दाखला

विडी घरकुलात आज चार दिवसांनी पाणी आलं,
म्हणून सभेला कोणी आलं नाही.
युनियनच्या शाखेत मी, म्हंताकाका,
आणि कार्यालयातून उसन्या आणलेल्या तीस खुर्च्या.
काका म्हणाले, नळ सोडून भाषण कोण ऐकेल?
चल, आपणच जाऊ.
त्यांनी फाइल घेतली, मी ठशाचं यंत्र.

पहिलं दार राजव्वा इराबत्तीचं.
चाळीस वर्षं, दिवसाला हजार.
मी एकदा हिशोब केला होता:
एक कोटी वीस लाख विड्या, सुट्ट्या वगळून.
चेकरनं छाटून टाकलेल्या त्यात नाहीत.
त्यांची मजुरी मिळाली नव्हती,
पण कुणीतरी कुठेतरी ओढल्या असतीलच.

पेन्शन मार्चपासून बंद.
कारण, आपण जिवंत आहोत
हे तिनं वेळेत कळवलं नाही.

अंगठा ठेव अक्का.
लाल.
दुसरा ठेव.
लाल.
एव्हाना उंबऱ्यात गल्ली जमलेली.
रब्बाना म्हणाली, खोबरेल लाव.
महानंदा म्हणाली, तेलानं घसरतंय की, राखेनं धू.
कुणी लिंबू आणलं.
दहाही बोटं झाली. लाल.
राजव्वा हसली. पानाची कड रोज हितनंच फिरते बाळा,
रेघा काय राहतेत?

माझी आईही वळायची.
मला तिनं सूप मांडीवर घेऊ दिलं नाही कधी.
माझा अंगठा पहिल्या फटक्यात हिरवा होतो.
यंत्र तपासायला मी तोच ठेवला, तिच्यासमोर,
आणि लगेच वाटलं, ठेवायला नको होता.

काकांनी कागद मांडले.
आधारवर राजव्वा. पासबुकात राजूबाई.
कारखान्याच्या रजिस्टरात राजम्मा मुत्तय्या,
आणि मुत्तय्याचा य कुणीतरी शाईत बुडवलेला.
नावं तीन, काका पुटपुटले, आणि ठसा एक नाही.

लोक सांगतात, एके काळी
काकांचा आवाज गेटवर चढला
की आत सूप थांबायचं.
आता घसा बसलाय. आता ते
अर्ज डोळ्यांजवळ धरून वेलांटी बघतात.
लढा आता ऱ्हस्वदीर्घात आलाय, असं मी गमतीनं म्हणालो,
तर म्हणाले, पगार पण तिथंच अडकतो.

सोमवारी भविष्यनिधीच्या खिडकीपुढे
आम्ही अकरा जणींना घेऊन उभे.
बाहेर त्रेचाळीस, आत पंखा एक,
तो साहेबाकडे तोंड करून.
डोळ्यांचं यंत्र आहे, तो म्हणाला,
पण दुरुस्तीला पुण्याला गेलंय.
कधी येईल?
कळवू.
नियमात हाताने दाखला भरायची सोय आहे, काका म्हणाले,
आणि परिपत्रकाची प्रत काचेखालून सरकवली,
तिच्या घड्या इतक्या जुन्या
की कागद चार तुकड्यांत आत पोचला.

साहेबानं तुकडे जुळवले. वाचले.
मग पहिल्यांदा मान वर करून
बाईकडे पाहिलं.
राजव्वा तुम्हीच?
ती गोंधळली. मराठी येते तिला, भाजीपुरती, भांडणापुरती.
पण असं कुणी विचारलं नव्हतं,
म्हणून घरातलंच तोंडात आलं:
उन्नानु.

काय म्हणाल्या?
आहे म्हणाली, मी सांगितलं.
आहे ते दिसतंय, साहेब म्हणाला, आणि शिक्का शोधू लागला.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू सुचेना,
तेच लिहिलं, देवनागरीत.
काकांनी चष्मा वर करून पाहिलं.
नु ऱ्हस्व, म्हणाले.

बाकीच्या दहा जणी बाकावर,
फायली पदरात.
साडेतीनला खिडकी बंद झाली.